हैबती आणि प्रमुख पाहुण्यांचा खड्डा

एका गावात एक भोळा गडी होता, आणि त्याच गावात एक गोल्फ क्लबही होता. दोघांची गाठ पडली नसती तर ही गोष्ट झाली नसती.

गावाचं नाव रानमळे. गड्याचं नाव हैबती. गावामागच्या माळावर शहरातली माणसं मोटारीतून येत, लांब काठीनं पांढरा चेंडू मारत, मग त्याच्यामागे चालत जात, आणि असं करत करत शेवटी तो एका एवढ्याशा खड्ड्यात घालत. असे नऊ खड्डे होते. नववा संपला की घरी जात. गावाला हा खेळ कळला नव्हता, पण माणसं बरी होती, म्हणून गाव काही बोलत नव्हतं.

क्लबला एक गडी हवा होता. हैबतीची आई त्याला घेऊन सेक्रेटरी देवस्थळी यांच्याकडे गेली.

"सायेब, पोरगं कामाला वाघ हाय," ती म्हणाली. "फकस्त नीट सांगावं लागतं. सांगितलं की करतंय."

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं.

देवस्थळी शिस्तीचे होते. क्लबच्या फाटकाजवळ एक काळा फळा होता. त्यावर ते दर महिन्याच्या बातम्या स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहीत. त्यांनी हैबतीला ठेवून घेतलं आणि पहिल्याच दिवशी समोर उभं केलं.

"एक लक्षात ठेव. खेळणारा फटका मारत असेल तेव्हा आवाज काढायचा नाही. काहीही झालं तरी."

"काय बी झालं तरी," हैबती म्हणाला, आणि त्यानं ते मनात घट्ट धरलं.

खेळ कशासाठी असतो, हे मात्र त्याला कुणी सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही.

ज्येष्ठ महिना होता. फळ्यावर लिहिलं होतं: "पावसाआधीचा शेवटचा खेळ रविवारी. नंतर मैदान बंद." रविवारी देवस्थळींनी आपली गवताची विणलेली टोपी बाकावर काढून ठेवली आणि ते चेंडूवर वाकले. मागून एक म्हैस आली. तिनं टोपी हुंगली. मग खाल्ली. सावकाश खाल्ली. हैबती शेजारीच उभा होता. तो बघत होता.

देवस्थळी वळले तेव्हा टोपीची नुसती फीत म्हशीच्या तोंडाबाहेर लोंबत होती.

"हैबती, हे तुला दिसत नव्हतं?"

"दिसत हुतं जी."

"मग ओरडला का नाहीस?"

"तुमी फटका मारत हुता."

"कुणाची म्हैस आहे ही?"

"आमचीच जी."

देवस्थळींनी डोळे मिटले आणि उघडले. "तुला डोकं आहे का?"

हैबतीनं हात वर करून चाचपून बघितलं. "हाय जी."

क्लबमधले सगळ्यांत जुने सभासद होते मुतालिक नाना. साखर कारखान्यात केमिस्ट होते, आता निवृत्त. ते म्हणाले, "असू द्या देवस्थळी. सांगितलं तेच केलं त्यानं."

"नानांकडे बघून सोडतो," देवस्थळी हैबतीला म्हणाले. "यापुढे कुणी आत शिरताना दिसलं की ओरडायचं, काठी उगारायची आणि हुसकून लावायचं. कळलं?"

हैबतीनं तेही मनात घट्ट धरलं.

नानांबद्दल इथंच सांगायला हवं. क्लबचा मोठा करंडक माघ महिन्यात खेळतात. नाना तो दर वर्षी खेळत आणि दर वर्षी दुसरे येत. पहिले येत डॉक्टर रेगे. नानांच्या पत्नी शरयूबाई थर्मास घेऊन नानांबरोबर नऊही खड्डे चालायच्या. घरच्या काचेच्या कपाटातली मधली फळी त्यांनी करंडकासाठी मोकळी केली होती. तिथला पितळी मोर खालच्या फळीवर गेला होता. नाना हरून आले की त्या म्हणायच्या, "जागा ठेवली आहे." तेवढंच. गेल्या कार्तिकात शरयूबाई गेल्या. फळी तशीच आहे. नाना रविवारी सकाळी ती पुसतात.

यंदा नानांचे गुडघे बघून डॉक्टर म्हणाले होते, "हा माघ खेळा. मग पुरे." करंडकही डॉक्टरच नेत आणि गुडघेही तेच बघत, त्यामुळे नानांना दाद मागायला दुसरं ठिकाण नव्हतं.

तर श्रावण आला. फळ्यावर लिहिलं: "वृक्षारोपण. हस्ते प्रमुख पाहुणे. सभासदांनी छत्र्या आणाव्यात." प्रमुख पाहुणे वनखात्यातले निवृत्त अधिकारी होते. त्यांच्यासाठी नवव्या खड्ड्याकडच्या वाटेवर एक खास खड्डा खणला होता. चांगला कमरेइतका. शेजारी वडाचं रोप आणि झारी तयार होती.

चिखलामुळे पाहुण्यांनी मोटार रस्त्यावर ठेवली आणि ते पायीच फाटकातून आत शिरले. हैबतीला ते शिरताना दिसले.

"हैक, हैक," हैबती ओरडला. काठी उगारून धावला. पाहुणे थांबले, मग वळले, मग पळाले. वयाच्या मानानं बरे पळाले. हैबती त्यांना मोटारीपर्यंत पोचवून परत आला.

देवस्थळी हार घेऊन उभे होते.

"सायेब, घालवला," हैबती म्हणाला. "पुन्यांदा न्हाई यायचा."

"तुला डोकं आहे का?"

"हाय जी."

वडाचं रोप दुसऱ्याच कुणीतरी देवळामागे नेऊन लावलं. खड्डा मात्र तसाच राहिला, कारण तो प्रमुख पाहुण्यांचा होता आणि देवस्थळींना वाटत होतं की त्यांची समजूत घालता येईल. ते रोज पत्राचा मसुदा करत आणि रोज फाडत.

"अरे, माणूस आणि म्हैस यात फरक असतो," त्यांनी हैबतीला समजावलं. "माणूस आला की हसून या म्हणायचं. हार घालायचा. बसायला खुर्ची द्यायची, चहा द्यायचा. त्यांना काय हवं-नको ते बघायचं."

हैबतीनं ते मनात घट्ट धरलं.

आश्विन लागला. फळ्यावर लिहिलं: "पाऊस उघडला. गवत कापणीचे नवे यंत्र आले आहे. सभासदांनी पाहून जावे." दुपारी दोन माणसं टेम्पो घेऊन आली. सभासद नव्हती, पण यंत्र पाहायलाच आली होती. हैबती हसून या म्हणाला. त्यानं दोघांना झेंडूचे हार घातले. खुर्च्या दिल्या. चहा दिला. मग विचारलं, "आपल्याला काय हवं-नको?"

"हे यंत्र हवं होतं," त्यातला एक म्हणाला.

संध्याकाळी देवस्थळी आले. यंत्राच्या जागी दोन कपबश्या होत्या.

"जड हुतं जी," हैबती म्हणाला. "त्यांना उचलंना. मीच मागनं हात लावला. लई चांगली माणसं. जाताना हार बी परत दिलं."

त्या वर्षी सगळं मैदान विळ्यानं कापावं लागलं. गावातल्या बायका ओळीनं बसल्या आणि आठवडाभर गाणी म्हणत कापत राहिल्या. देवस्थळी त्यांच्यामागून चालत होते आणि त्यांच्या मागून हैबती.

"सांगितलं तेच केलं त्यानं," नाना म्हणाले.

"तेच तर," देवस्थळी म्हणाले. मग हैबतीकडे वळले. "क्लबची वस्तू कुणी फाटकाबाहेर नेऊ लागलं तर सोडायची नाही. हातातून काढून घ्यायची. तो कितीही ओरडो."

हैबतीनं ते मनात घट्ट धरलं.

दिवाळीत फळ्यावर लिहिलं: "फराळ. सभासदांच्या कुटुंबीयांसाठी गमतीची स्पर्धा. लहान करंडक." लहान करंडक देवस्थळींच्या सासूबाईंनी जिंकला. आयुष्यात पहिल्यांदाच काठी हातात धरली होती आणि पहिल्याच फटक्यात चेंडू खड्ड्यात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाई करंडक पदराखाली घेऊन फाटकातून निघाल्या.

थोड्या वेळानं फाटकाकडून आवाज आले. सगळे धावले. करंडकाचा एक कान हैबतीच्या हातात होता, दुसरा सासूबाईंच्या. दोघंही मागे रेलून ओढत होती.

"सोड मेल्या, माझा आहे," सासूबाई म्हणत होत्या.

"क्लबाचं नाव हाय त्याच्यावर," हैबती म्हणत होता.

"जावईबापू, हा माणूस तुमचा का?"

देवस्थळींना हो म्हणवेना आणि नाही म्हणवेना. शेवटी कान तुटला. सासूबाईंचा विजय झाला, पण एका कानाचा.

त्या दिवशी देवस्थळींनी डोक्याबद्दल विचारलंच नाही. हैबती वाट बघत राहिला, मग आपणच म्हणाला, "हाय जी."

"हैबती," देवस्थळी अगदी हळू बोलले, "यापुढे तू काही करूच नकोस. कुणी आपल्या वाटेनं चाललं असेल तर चालू दे. तू बाजूला उभा राहा. हात खिशात घाल. कुणाच्या मध्ये पडू नकोस."

हैबतीच्या कपड्यांना खिसे नव्हते. आईनं दोन शिवून दिले. त्यानंतर कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला, पौष गेला. हैबती हात खिशात घालून बाजूला उभा होता. एकही भानगड झाली नाही. देवस्थळींची भूक सुधारली.

माघात फळ्यावर लिहिलं: "मोठा करंडक. रविवारी सकाळी. मुतालिक नानांची ही शेवटची स्पर्धा. सर्वांनी यावे."

सगळे आले. नानांनी आपली बॅग हैबतीकडे दिली. हात खिशात असल्यामुळे त्यानं पट्टा गळ्यात अडकवला.

"जड नाही ना रे?" नाना म्हणाले.

"न्हाई जी. मान हाय की."

नाना त्या दिवशी असे खेळले, की बघणाऱ्यांनी गप्पा मारायचं सोडलं. आठ खड्डे झाले आणि नाना नि डॉक्टर बरोबरीत होते. राहिला नववा. जो कमी फटक्यांत चेंडू आत घालील, करंडक त्याचा.

नवव्याचा पहिला फटका नानांनी मारला. चेंडू उंच गेला. उन्हात दिसेना. नाना डोळ्यांवर हात धरून, मान वर करून बघत एक पाऊल मागे सरले. मग आणखी एक. त्यांच्या मागे प्रमुख पाहुण्यांचा खड्डा होता. हैबती बाजूला उभा होता. हात खिशात होते. नाना आणखी एक पाऊल सरले आणि दिसेनासे झाले.

सगळ्यांनी त्यांना वर काढलं. कोपर खरचटलं होतं, चष्म्याची एक काडी वाकली होती. बाकी नाना शाबूत होते.

"हैबती," चष्मा पुसत नाना म्हणाले, "मी मागे मागे चाललो होतो ते तुला दिसत होतं का?"

"दिसत हुतं जी. पहिल्यापासनं."

"मग?"

"सायबांनी सांगितलंय, कुणी आपल्या वाटेनं चाललं तर मधी पडायचं न्हाई. म्हणून मी न्हाई पडलो. तुमीच पडलात."

डॉक्टर रेगे हसू दाबायला पाठमोरे झाले. देवस्थळींनी हैबतीचे दोन्ही हात धरून खिशातून बाहेर काढले.

"शेवटचं सांगतो. खड्ड्याकडे कुणी चाललेलं दिसलं की बघत उभं राहायचं नाही. झेप घ्यायची. धरायचं. खड्ड्यात पडू द्यायचं नाही."

"कुणाला बी?"

"कुणालाही. लहान असो, मोठा असो."

"आन् तुमी खेळत असला तर?"

"तर आवाज न करता. पण धरायचं."

हैबतीनं ते मनात घट्ट धरलं.

खेळ पुढे चालू झाला. डॉक्टरांचा चेंडू पाच फटक्यांत आत गेला. नानांचे तीन झाले होते आणि चेंडू खड्ड्यापासून पाच-सहा पावलांवर होता. हा आत गेला की झालं. हैबती तोवर मागे राहिला होता. बॅग गळ्यात होती आणि वाटेवरून येणाऱ्या एका सरड्याला तो प्रमुख पाहुण्यांच्या खड्ड्यापासून लांब नेऊन सोडत होता. तो पोचला तेव्हा नाना चेंडूवर वाकले होते.

 शरयूबाई असत्या तर त्यांनी थर्मासचं झाकण दोन्ही हातांनी धरून ठेवलं असतं. नानांनी एकदा डाव्या बाजूला बघितलं, जिथं त्या उभ्या राहायच्या. मग काठी हलकेच हलवली.

चेंडू निघाला. उतारावर थोडा डावीकडे गेला, मग वळला. मंद झाला. थांबतो की काय असं वाटलं. थांबला नाही. एक एक गवताची काडी ओलांडत खड्ड्याकडे चालला.  डॉक्टरांनी हरण्याची तयारी म्हणून टोपी काढली.

हैबतीला दिसलं ते असं: कुणीतरी एक लहानसं, एकटंच, खड्ड्याच्या तोंडाशी चाललंय, आणि एवढी शिकलेली माणसं नुसती बघत उभी आहेत.

त्यानं आवाज केला नाही. झेप घेतली. बॅगेतल्या काठ्या खणखणल्या आणि चौफेर उडाल्या. धुरळा बसला तेव्हा हैबती पालथा पडलेला होता. हनुवटी खड्ड्यावर होती, आणि चेंडू त्याच्या ओंजळीत.

"नाना, धरला," तो म्हणाला. "जरा उशीर झाला असता तर गेलाच हुता."

डॉक्टरांनी काढलेली टोपी परत डोक्यावर ठेवली.

हैबती उठून बसला. त्यानं चेंडूवरची माती फुंकली, फिरवून बघितला आणि नानांपुढे धरला. "बघा. कुठं लागलं न्हाई."

डॉक्टर खाकरले. "नाना, बॅग तुमची याच्याकडे, तेव्हा नियमानं दोन फटक्यांचा दंड तुम्हाला..."

"नियम ठाऊक आहे मला," नाना म्हणाले. "करंडक तुमचा."

देवस्थळींचा चेहरा आधी पांढरा झाला होता, आता तांबडा झाला. "हैबती, तुला डोकं..."

"हाय जी." हात गुंतलेले असल्यामुळे त्याला चाचपून बघता आलं नाही.

"आता मात्र नीट ऐक. यापुढे..."

नानांनी हात वर केला. त्यांचे खांदे हलत होते. लोकांना वाटलं, म्हातारा रडतोय. पण नाना हसत होते. इतकं की त्यांनी काठी टेकून आधार घेतला.

"थांबा, देवस्थळी," ते म्हणाले. "यापुढचं त्याला काही सांगू नका. पुढच्या वर्षी मला खेळायचंय."

"नाना, गुडघे?" डॉक्टर म्हणाले.

"आहेत अजून. जागाही आहे."

मग त्यांनी डोळे पुसले, चष्मा चढवला आणि हैबतीला म्हणाले, "चल बाबा. ठेव तो खाली, चहा घेऊ."

हैबतीनं ओंजळीतल्या चेंडूकडे बघितलं. मग समोर बघितलं. खड्डा अजून तिथंच होता.

"न्हाई जी," तो म्हणाला, आणि चेंडू कडेवर घेऊन घराकडे चालू लागला.