दार उघडेना, वेणू भेटेना

आटपाट अंगण होतं. अंगणात एक कुत्र्याचं पिल्लू होतं. केवढं होतं? बाबांच्या चपलेत झोपेल एवढं. मोठं झाल्यावर केवढं होणार? मांजराएवढं. बस्, त्याहून जास्त नाही. त्याची जातच छोटी. त्याचं नाव लवंग्या.

लवंग्या एवढासा, पण आवाज हा एवढा. पान पडलं, भॉव भॉव. वारा आला, भॉव भॉव. काहीच नाही झालं, तरी आपलं भॉव भॉव.

एकदा काय झालं, लवंग्या आणि वेणू खेळत होते. वेणू त्या घरातली मुलगी. चार वर्षांची. तिच्या हातात एक जुना मोजा. ती इकडे ओढायची, तो तिकडे ओढायचा. ओढ ओढ ओढ. लवंग्याचे दात शिवशिवले. मोजा सुटला, बोट सापडलं. कच्च.

वेणू रडली. रक्त नाही आलं, पण बोटावर दोन लाल ठिपके उमटले. मोजा घेऊन ती घरात गेली. आईने दार लावलं, कडी घातली. खट्ट.

लवंग्या बाहेरच राहिला. त्याला वाटलं, वेणू आता आपल्याशी कधीच खेळणार नाही की काय?

तो गेला दाराकडे. तुरूतुरू तुरूतुरू.
"भॉव भॉव. दारा दारा, उघड ना.
वेणू काही भेटेना."
दार म्हणालं, "मी नाही उघडणार. आई कडी काढेल, तेव्हा मी उघडेन."

तो गेला खिडकीकडे. तुरूतुरू तुरूतुरू. खिडकी अगदी बुटकी. आत आई पाळणा हलवत होती. कर्र कुर्र, कर्र कुर्र.
"भॉव भॉव. आई आई, कडी काढ ना.
दार उघडेना,
वेणू काही भेटेना."
आई म्हणाली, "मी नाही काढणार. बाळ झोपेल, तेव्हा मी कडी काढेन."

पाळण्यात वेणूचा छोटा भाऊ होता. लवंग्याने मान उंच केली. आणखी उंच केली.
"भॉव भॉव. बाळा बाळा, झोप ना.
आई कडी काढेना,
दार उघडेना,
वेणू काही भेटेना."
बाळ म्हणालं, "ट्यँहँ. मी नाही झोपणार. कोंबडी गप्प बसेल, तेव्हा मी झोपेन."

तो गेला खुराड्याकडे. तुरूतुरू तुरूतुरू. कोंबडी ओरडत होती. पकपक पकाक.
"भॉव भॉव. कोंबडीबाई कोंबडीबाई, गप्प बस ना.
बाळ झोपेना,
आई कडी काढेना,
दार उघडेना,
वेणू काही भेटेना."
कोंबडी म्हणाली, "मी नाही बसणार. वासरू उड्या थांबवेल, तेव्हा मी गप्प बसेन."

तो गेला गोठ्याकडे. तुरूतुरू तुरूतुरू. पाय दुखायला लागले. वासरू खुंट्याभोवती उड्या मारत होतं. टणाटण टणाटण.
"भॉव भॉव. वासरा वासरा, उड्या थांबव ना.
कोंबडी गप्प बसेना,
बाळ झोपेना,
आई कडी काढेना,
दार उघडेना,
वेणू काही भेटेना."
वासरू म्हणालं, "मी नाही थांबवणार. खारूताई चिरचिर थांबवेल, तेव्हा मी उड्या थांबवेन."

तो गेला पेरूच्या झाडाकडे. तुरूतुरू तुरूतुरू. आता त्याला रडूच यायला लागलं. खारूताई वर फांदीवर बसली होती. शेपटी उडवत होती. चिर्र चिर्र चिर्र.
"भॉव भॉव. खारूताई खारूताई, चिरचिर थांबव ना.
वासरू उड्या थांबवेना,
कोंबडी गप्प बसेना,
बाळ झोपेना,
आई कडी काढेना,
दार उघडेना,
वेणू काही भेटेना."
खारूताई म्हणाली, "मी नाही थांबवणार. खाली कोणीतरी भुंकतंय. त्याची मला भीती वाटते. तो भुंकायचा थांबेल, तेव्हा मी चिरचिर थांबवेन."

कोण बरं भुंकतंय? तुला माहीत आहे? श्श, सांगू नकोस. लवंग्याला शोधू दे.

लवंग्याने लाकडांच्या मागे पाहिलं. कोणी नाही. बादलीच्या मागे पाहिलं. कोणी नाही. टोपलीखाली पाहिलं. तिथे तर नुसती मुंगी.

"खारूताई, इथे कोणीच भुंकत नाही."
"तूच तर भुंकतोस."
"मी? मी तर नुसता विचारतोय. भॉव भॉव."

खारूताई चिरकली. चिर्र. वासरू उडालं. टणाटण. कोंबडी ओरडली. पकाक. बाळ रडलं. ट्यँहँ.

लवंग्या बघतच राहिला. अरे बापरे. हे सगळं आपल्यामुळे?

मग तो खाली बसला. तोंड मिटलं. पण त्याला फार काळजी वाटत होती. भुंकलो नाही, तर वेणूला कळणार कसं की मी इथे आहे? ती मला विसरून गेली तर?

एक पान पडलं. लवंग्याच्या घशात भॉव आलं. गिळलं.
वारा आला. पुन्हा भॉव आलं. पुन्हा गिळलं.
एक कावळा आला, समोर बसला आणि मुद्दाम काव काव करायला लागला. लवंग्याने दोन्ही पंजे नाकावर ठेवले. घट्ट. कावळा कंटाळला आणि उडून गेला.

आता अंगणात एकही भॉव नाही. तूही ऐक. येतंय का कुठून भॉव?

मग खारूताईने चिरचिर थांबवली.
वासराने उड्या थांबवल्या.
कोंबडी गप्प बसली.
बाळ झोपलं.
आई उठली, तिने कडी काढली.
दार उघडलं. करर.

दारात वेणू उभी होती. एका हातात मोजा. दुसरा हात पाठीमागे लपवलेला.

लवंग्याला वाटलं, धावत जावं. उडी मारावी. पण तो बसून राहिला. शेपटीला तेवढं राहवेना, ती हलत होती. फट फट फट.

वेणू म्हणाली, "तू भुंकायचा थांबलास. मला वाटलं, तू गेलास. म्हणून बघायला आले."

ती हळूच खाली बसली. लपवलेला हात हळूच पुढे केला. तेच बोट. तेच दोन ठिपके. लवंग्याचे दात शिवशिवले. त्याने तोंड उघडलं. वेणूने डोळे गच्च मिटले.

लप्. लप् लप्.

लवंग्याने बोट चाटलं. एकदा नाही, तीनदा. दोन्ही ठिपके ओले झाले. वेणूला गुदगुल्या झाल्या आणि ती हसली.

मग तिने मोज्याला मोठी गाठ मारली आणि ती गाठ लवंग्याच्या तोंडापुढे धरली.
"हे चाव. बोट नाही."

लवंग्याने गाठ धरली. ती इकडे ओढायची, तो तिकडे ओढायचा. ओढ ओढ ओढ. वरून एक पान पडलं, अगदी त्याच्या डोक्यावर. लवंग्या भुंकलाच नाही. भुंकणार कसा, तोंडात मोजा होता ना.

अंगणातली गोष्ट अंगणात खेळली, दार उघडं दिसलं तशी घरात आली.