लवंगी हत्तीण आणि सोन्याची घंटा

एक होता राजा. त्याला भारी घाई, बरं का. कसली? उत्तर द्यायची! कुणी नुसतं "महाराज" म्हटलं, की हा "कळलं, कळलं" म्हणून हुकूम सोडून मोकळा. हसू नकोस रे, तूही काही कमी नाहीस.

या राजाची एक हत्तीण होती. एवढी थोरली, आणि नाव काय, तर लवंगी! राजाचा तिच्यावर फार जीव. एकदा त्याने स्वतःच्या हाताने तिच्या गळ्यात सोन्याची मोठ्ठी घंटा बांधली. आणि काय झालं कोण जाणे, लवंगीने खाणंच सोडलं.

तिला सांभाळायची गिरजा माहुतीण. ती धावत दरबारात गेली. "महाराज, लवंगी खात नाही, कारण..."

"कळलं! ऊस द्या तिला."

गाडीभर ऊस आला. लवंगीने तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी गिरजा पुन्हा गेली. ती कारणापर्यंत पोचायच्या आत राजाने वैद्य धाडला. वैद्याने घागरभर काढा पाजला. लवंगीने तो सगळा वैद्याच्याच अंगावर उडवला.

तिसऱ्या दिवशी गिरजा दारात दिसताच राजा म्हणाला, दृष्ट काढा. मग टोपलीभर मिरच्या जाळल्या. अख्खं गाव शिंकलं, आणि लवंगी आडवी पडली.

मग मात्र राजा धावत आला. तिच्या सोंडेला मिठी मारून रडायला लागला. रडता रडताही आपलं चालूच, केळी आणा, गूळ आणा!

लवंगीने हळूच सोंड उचलली, राजाच्या कानाला लावली आणि ओढला श्वास. फुर्रर्र! राजाच्या कानातून सगळी तयार उत्तरं मधमाश्यांसारखी गुणगुणत बाहेर पडली आणि डोंगरापलीकडे उडून गेली. कान रिकामे झाले. राजाला चिमण्या ऐकू आल्या. मग गिरजा ऐकू आली.

"महाराज, घास चावला की तिची मान हलते. मान हलली की घंटा कानाशी दणाणते. म्हणून ती चावतच नाही. तीन दिवस हेच सांगतेय मी."

राजाला फार लाज वाटली. त्याने आपल्या हाताने घंटा सोडली. लवंगी उठली. तिने ऊस खाल्ला, केळी खाल्ली, वर राजाच्या फेट्यातला तुराही खाल्ला!

ती घंटा राजाने दरबारात टांगली. आपलं बोलून झालं, की बोलणाऱ्याने ती वाजवायची. तोवर राजाने ओठ मिटून बसायचं. पहिल्याच दिवशी एक म्हातारी आपल्या शेळीबद्दल दुपारपर्यंत बोलली. राजा हलला नाही. सगळे सुखात राहिले, आणि लवंगी तर चांगलीच गुटगुटीत झाली.

झालं माझं सांगून. टण्! मिटा डोळे आता.

काय रे, तुला काही सांगायचंय? बरं, डोळे मिटूनच सांग. मी ऐकतेय.