यमुनाकाकूंची जीप आणि ओलं काँक्रीट

घाटमाथ्यावरच्या एका गावात गेनबा नावाचा एक जीपवाला राहत होता. जीप त्याची नव्हती, यमुनाकाकूंची होती. दर गुरुवारी गावच्या बायका भाजीच्या पाट्या घेऊन त्या जीपमधून घाटाखालच्या बाजाराला जायच्या. गेनबा कामाला चोख. दारूला कधी शिवला नाही, की कुणाच्या पाटीतली मिरची उचलली नाही. पण काकूंचा आवाज ऐकला की तो वाट बदलायचा. काकू ओरडल्या की ओढ्यापलीकडची म्हैससुद्धा चरायची थांबायची, तिथं गेनबाचं काय!

त्या उन्हाळ्यात गावात काँक्रीटचा रस्ता झाला. काकूंनीच तालुक्याला खेटे घालून, साहेबांशी भांडून तो आणला होता. मंगळवारी लिंबाजी गवंड्यानं शेवटचा तुकडा ओतला, त्याच्यावर बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्या आणि तो झाडाखाली भाकरी खायला बसला.

तेवढ्यात गेनबा जीप घेऊन आला. ओढ्याकडून फेरा घातला असता तर काय बिघडलं असतं? पण त्याला वाटलं, उन्हानं वरून तर सुकलंय. त्यानं काट्या बाजूला सारल्या आणि गाडी घातली. चाकं पार रिंगांपर्यंत रुतली. घरघर करत गाडी कशीबशी बाहेर निघाली, तेव्हा टायर, मडगार्ड, दरवाजे सगळे राखाडी लगद्यानं माखले होते. मागं रस्त्यावर दोन खोल चाकोऱ्या उमटल्या.

लिंबाजी हातातली भाकरी टाकून धावत आला. "मेल्या, डोळे होते का खोबणीत? आता उभा काय राहिलास? आधी गाडी धू. ओलं आहे तोवर बादलीभर पाण्यात निघेल. उद्या छिन्नीला ऐकायचं नाही. चाकोऱ्या मी बुजवतो, पण काकूंना तू सांग. मी कुणाच्या चुगल्या करत नाही."

ओढा, विहिरी सगळं आटलं होतं. पाण्याची तोटी एकच, आणि ती काकूंच्या अंगणात. गेनबा कोपऱ्यापर्यंत गेला. चाकोऱ्यांची बातमी त्याच्या आधी तिथं पोचली होती. काकू अंगणात उभ्या राहून गरजत होत्या, "माझ्या रस्त्यात गाडी घालणारा कोण ते कळू दे! त्याच रस्त्यात उभा गाडते का नाही बघा!"

 गेनबानं तिथूनच गाडी वळवली, गावाबाहेर कडब्याच्या गंजीमागं उभी केली आणि वर ताडपत्री टाकली. मनाशी म्हणाला, उद्या बघू.

बुधवारी दुपारी, गाव उन्हाला भिऊन घरात पडलं असताना, त्यानं ताडपत्री काढली. लगद्याचा दगड झाला होता. गुरुवारचा बाजार तर तोंडावर. त्यानं छिन्नी-हातोडा घेतला. एक घाव घालायचा आणि चारी बाजूंना बघायचं. काँक्रीटच्या खपल्या निघाल्या, तसा रंगही निघाला. तिथं त्यानं चिखल फासला. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला मात्र एक मोठा गठ्ठा बसला होता. गेनबा पाठीवर सरपटत गाडीखाली गेला आणि अंदाजानंच ठोकत सुटला. छिन्नी सटकली. गठ्ठा पडला, पण शेजारच्या रबरी नळीवर ओरखडा उठला. ब्रेकचं तेल त्याच नळीतून जातं, हे गेनबाला पक्कं ठाऊक होतं. नळीवर एक थेंब आला. त्यानं तो फडक्यानं पुसला. परत बघितलं, थेंब नव्हता.

"ओरखडाच तर आहे," तो स्वतःला म्हणाला. मिस्त्रीकडं जावं, तर मिस्त्री विचारणार, कशानं झालं? आणि मिस्त्री काकूंचा भाचा.

गुरुवारी गाडी भरली. मागं दहाजणी, पाट्यांवर पाट्या. पुढं गेनबाशेजारी खुद्द काकू. त्या बसल्या त्याच सुरुवात करून, "त्या चाकोरीवाल्याचा पत्ता लागला नाही अजून. पण लागेल. जाईल कुठं?"

माळावर शेळ्या आडव्या आल्या. गेनबानं ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण पाय नेहमीपेक्षा खोल गेला.  पुढं एका बैलगाडीमागं पुन्हा दाबला. पाय आणखी खाली. तीनदा दाबला तेव्हा कुठं गाडी हळू झाली.

समोर खिंड दिसत होती. खिंडीपलीकडं उतार, आणि उतारावर पहिलंच वळण असं, की खाली बघितलं तर झाडांचे नुसते शेंडे दिसतात.

गेनबा विचारात पडला. सांगितलं तर काकू सोलून काढतील. नाही सांगितलं तर... त्यानं आरशात बघितलं. मागं कोंडाबाई कुणाला तरी म्हणत होती, "अगं, गवार चाळीसच्या खाली देऊ नकोस, घरी घेऊन ये, आपण खाऊ." बायका खदखदा हसल्या. गेनबाला वाटलं, पहिल्या गिअरवर जाऊ हळूहळू. निभेल. पुन्हा वाटलं, आणि नाही निभलं तर?

खिंड पन्नास पावलांवर आली. गेनबानं डोळे मिटून घेतले नाहीत एवढंच. गिअर खाली टाकला, स्टेअरिंग फिरवलं आणि जीप कडेच्या मुरमाच्या ढिगात घातली.

दणका बसला. टोमॅटो सांडले. बायकांनी एकच गलका केला.

"गाढवा! झोपलास का काय?" काकू कडाडल्या.

"ब्रेक गेलाय, काकू," गेनबा म्हणाला.  "काल मीच नळी कापली छिन्नीनं. रस्त्यात गाडी मीच घातली होती. धुवायला तुमच्या दारात यायचं धाडस नाही झालं."

काकू उतरल्या. वाकून चाकाच्या आत बघितलं. तेल ठिबकत होतं. त्या ताठ झाल्या, कमरेवर हात ठेवले. "का रे? माझ्या तोंडानं आजवर कुणी मेलंय का?"

 उत्तर कोंडाबाईनं दिलं, टोमॅटो वेचता वेचता. "आजवर नाही मेलं काकू. आज मेल्या असत्या. तुम्हाला धरून अकराजणी."

 काकूंनी गेनबाकडून किल्ली घेतली, चाकाला दगड लावायला सांगितला आणि एक पाटी स्वतःच्या डोक्यावर उचलली. अकराजणी चालत घाट उतरल्या. पहिल्या वळणावर एकेक बाई कडेला थांबली, तिनं खाली झाडांच्या शेंड्यांकडं बघितलं आणि ती पुढं गेली. काकू सगळ्यांत जास्त वेळ थांबल्या.

तात्पर्य: चूक ओली आहे तोवरच सांगून टाका, वाळेपर्यंत लपवलीत तर ती दुसऱ्याच्या जिवावर उठते. आणि ज्यांचा चारचौघांत धाक आहे त्यांनी आपलं तोंड इतकंही तिखट ठेवू नये, की समोरच्याला खरं सांगण्यापेक्षा दरी बरी वाटावी.