नमुन्यातले साहेब

तपासणीला आलेल्या कारखानीस साहेबांनी बोरखेडीच्या शाळेतली दुसरीची चित्रं पाहिली आणि त्यांचा पारा चढला. कुणाची म्हैस जांभळी, कुणाचं झाड थेट छपरातून उगवलेलं!

"हा काय गोंधळ, बाई?" ते इंदूबाईंवर गरजले. "फळ्यावर नमुना लावा. पोरांनी त्यावरूनच काढायचं, इकडेतिकडे बघायचं नाही. पुन्हा असं दिसलं, तर चित्रकलेचा तास बंद!"

"बरं, साहेब," बाई म्हणाल्या.

महिन्याभराने साहेब सभापतींना घेऊन आले. वर्गाची शिस्त दाखवायला फळ्याकडे पाठ करून ऐटीत बसले आणि म्हणाले, "काढा रे माझं चित्र!"

बाईंनी फळ्यावर काहीतरी चिकटवलं. पोरं मुकाट्याने कामाला लागली.

कागद हाती येताच सभापती खो खो हसत सुटले. प्रत्येक कागदावर तुळतुळीत टक्कल आणि झुबकेदार मिशा! कारखानीस साहेबांच्या डोक्यावर तर केसांचा कोंबडा, आणि मिशीचा पत्ता नाही.

"अहो, हे माझ्या आधीचे साहेब!"

"शाळेत साहेबांचा फोटो तेवढाच आहे, तोच नमुना लावला," बाई नम्रपणे म्हणाल्या. "पोरं सारखी तुमच्याकडे बघत होती. मीच दटावलं, इकडेतिकडे बघायचं नाही, साहेबांचा हुकूम आहे."

साहेब ओशाळले. तेवढ्यात पुढच्या रांगेतली सगुणा उठली. "मी काढू तुमचं? पण माझ्याकडे जांभळाच खडू उरलाय."

"चालेल," साहेब म्हणाले, "पण माझ्याकडे बघून काढ."