अनवाणी संतांच्या सोन्याच्या वहाणा

फार पूर्वी समुद्राकाठी एक गाव होतं. तिथे माणसं कमी आणि मिठाचे ढीग जास्त. गावात एक लहानसं चर्च होतं आणि त्यात एका संतांची मूर्ती. गाव त्यांना ‘अनवाणी संत’ म्हणायचं.

त्यांची गोष्ट पोराटोरांनाही पाठ होती. हे संत मूळचे वहाणा शिवणारे. बादशहाचा हुकूम सुटला, “माझ्या पुतळ्यापुढे धूप जाळा आणि मलाच देव म्हणा.” संत म्हणाले, “वहाणा हव्या तेवढ्या शिवून देतो, पण देव मी एकच मानतो.” झालं, मरणाची शिक्षा ठरली. त्यांना घेऊन निघाले तेव्हा वाळू तापली होती आणि एका शिपायाच्या वहाणेचा अंगठा तुटला. संतांनी आपल्या वहाणा काढून त्याच्यापुढे ठेवल्या. म्हणाले, “घाल बाबा. तुला परतही यायचं आहे.”

म्हणून संतांच्या सणाला सारं गाव भर दुपारी अनवाणी मिरवणूक काढी. गावातला वहाणा शिवणारा म्हातारा मूर्तीच्या पायाशी चामड्याचा नवा जोड ठेवी. मिरवणूक संपली की तो जोड गावातल्या सगळ्यात गरजू माणसाला मिळे. यंदा पाळी होती मीठ वाहणाऱ्या एका बाईची. मिठाने तिच्या टाचांना अशा भेगा पडल्या होत्या की पाऊल टेकताना ती ओठ चावायची. वर्षभर ती या सणाची वाट पाहत होती.

पण मिठागरांच्या मालकाच्या डोक्यात भलतंच शिरलं. “आपले संत अनवाणी? शोभतं का हे?” तो म्हाताऱ्याला म्हणाला. “मी सोन्याच्या वहाणा घडवून आणल्यात. त्या मूर्तीच्या पायांत पक्क्या बसव. तुझा चामड्याचा जोड यंदा नको.”

म्हाताऱ्याने डोकं खाजवलं. “मालक, ज्यांनी वहाणा देऊन टाकल्या, त्यांनाच घालायच्या?”

“तुला काय कळतं त्यातलं?” मालक म्हणाला.

म्हाताऱ्याने सोन्याच्या वहाणा बसवून दिल्या. चामड्याचा जोड मात्र त्याने सकाळीच गुपचूप त्या बाईच्या हातात ठेवला. तिने तो पायांत घातला आणि ती हसतच कामावर गेली. मालकाच्या मिठागरात सणालाही सुट्टी नसे.

दुपारी संतांच्या मूर्तीची पालखी निघाली. पुढचा दांडा अर्थातच मालकाच्या खांद्यावर. जन्मात तो कधी अनवाणी चालला नव्हता. मिठागराच्या बांधावर आल्यावर खालून माती भाजू लागली आणि मिठाचे खडे टोचू लागले. मालक एकदा या पायावर, एकदा त्या पायावर नाचू लागला. पालखीचा मान जाईल म्हणून दांडाही सोडवेना. पालखी अशी डुलायला लागली की संत आता आपणहून खाली उतरतात की काय, असं लोकांना वाटलं.

बांधाखाली ती बाई टोपली घेऊन उभी होती. तिने मालकाचे पाय पाहिले, मग आपले पाहिले. क्षणभर ती थांबली. मग तिने वहाणा काढून त्याच्यापुढे सरकवल्या. “घाला, मालक.”

“आणि तू?”

“मला इथेच राहायचं आहे. तुम्हाला चर्चपर्यंत जायचं आहे.”

मालकाने वहाणा घातल्या. पालखी सरळ चालू लागली.

चर्चमध्ये पालखी उतरवल्यावर त्याची नजर आधी मूर्तीच्या पायांकडे गेली, मग स्वतःच्या. त्याचे कान लाल झाले. इतकी लाज त्याला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

“बाबा, काढा त्या सोन्याच्या वहाणा,” तो म्हाताऱ्याला म्हणाला.

“तुम्हीच पक्क्या बसवायला सांगितल्यात, मालक. वेळ लागेल.”

“लागू दे. तोवर मी जाऊन येतो.”

आणि चामड्याचा जोड हातात धरून मालक त्याच तापल्या बांधावरून अनवाणी उड्या मारत निघाला. सारं गाव पोट धरून हसत होतं, आणि तोही हसत होता. बाईच्या पायाशी त्याने जोड ठेवला. “घाल बाई,” तो म्हणाला, “आणि चल. आज सण आहे, आजपासून सणाला काम बंद.”

सोनं मोडलं गेलं. पुढच्या सणापर्यंत मिठागरातल्या प्रत्येकाच्या पायांत चामड्याच्या वहाणा होत्या. संत मात्र पुन्हा अनवाणी झाले, आणि गावाला ते तसेच आवडत.

तात्पर्य: ज्या संतांना आपण मानतो, त्यांच्यासारखं एकदा तरी वागून पाहावं. त्यांना तेवढा मान पुरतो.