दाजींच्या जीपची चाकं

"घासायचं तर थांबलं ना, वस्ताद? मग गाडी थरथरतीय कशानं?"

बंद गॅरेजच्या दारात एका जुन्या टायरवर बसून दस्तगीर वस्ताद गुडघा चोळत होते. दुपारचं ऊन पायापर्यंत आलं होतं, पण सरकून बसायचाही त्यांना कंटाळा आला होता.

समोर अभिनंदन चौगुले उभा. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात भला मोठा फोन. पाना कसा धरायचा ते तो याच दारात शिकला. आता मिरज-सांगली रस्त्यावर त्याचं स्वतःचं दुकान होतं, अलॉय चाकांचं, समोरून सगळं काचेचं. दुकान झाल्यापासून वस्तादांकडं यायला त्याला म्हणे सवडच होत नव्हती. आज झाली, कारण आज त्याचं अडलं होतं.

फाटकाबाहेर जीप उभी होती. चाकं काळीभोर, चकचकीत, मडगार्डच्या चांगली बाहेर आलेली. जीप दाजींची, म्हणजे अभिनंदनच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची.

"चाक पालथं घातलं हुतंस?" वस्तादांनी विचारलं.

अभिनंदनने नजर चुकवत फोन खिशात सारला.

या गॅरेजात तशी रीतच होती. नवं चाक आलं की आधी पोतं अंथरून तोंडावर पालथं घालायचं आणि पाठीवरचा आकडा वाचायचा. चाकाच्या रुंदीच्या मधोमध रेघ धरली, तर हबला, म्हणजे चाक जिथं बोल्टनं बसतं त्याला, टेकायची जागा त्या रेघेच्या किती बाहेर आहे, ते तो आकडा सांगतो. ऑफसेट म्हणतात त्याला. आकडा मोठा असला की चाक तेवढं आत शिरतं. पण काचेच्या दुकानात चाक पालथं कोण घालणार? चकाकीवर ओरखडा उठला तर गिऱ्हाईक बोंब मारणार. तिथं चाकं गिऱ्हाइकाकडं तोंड करून रांगेत उभी असायची, आणि पाठ बघायची सवय अभिनंदनच्या हातातून कधी सुटली, ते त्यालाही कळलं नव्हतं.

"साइझ जुळली होती," तो म्हणाला. "भोकंही जुळली होती."

"आन् चाक आत जाऊन शॉकअपला घासलं."

"...हो."

"मग?"

"मग हब आणि चाकाच्या मधे चकतीसारखा स्पेसर टाकला. चाक बाहेर आलं. घासायचं थांबलं."

"केवढा जाड?"

अभिनंदनने दोन बोटं जोडून आडवी धरली.

"घासायचं थांबायला निम्मी करंगळी पुरली असती की रं."

"पुरली असती... पण दाजी म्हणाले, जरा रुबाब येऊ दे."

वस्ताद हसले नाहीत. तेवढं अंगात त्राणही नव्हतं.

"ते म्हणाले, आन् तू टाकलास."

"टाकला! का नाही टाकायचा?" अभिनंदन एकदम उसळला. "सगळ्यांत भारी स्पेसर आहे तो. बोल्टही लांब टाकलेत. माझं काम कच्चं नाही, वस्ताद."

"बेअरिंग काय म्हणतंय?"

"...घूं घूं करतंय."

"नट?"

"परवा आवळले. आज परत सैल."

रस्त्यावरून उसाची एक ट्रॉली खडखडत गेली.

शेवटी अभिनंदनचाच धीर सुटला. तो हळू आवाजात म्हणाला, "ताई उद्या सकाळी निघतीय. ती, दाजी आणि दोन्ही पोरं. आंबा घाट उतरून रत्नागिरीला. याच गाडीनं."

"मग चाकं काढ."

"कशी काढू?" त्याचा चेहरा रडवेला झाला. "ताईच्या लग्नात दाजींनी चारचौघांत मला पंक्चरवाला म्हटलं होतं. आज तोच माणूस गावभर सांगत सुटलाय, माझ्या मेव्हण्यानं जीप कशी सजवली बघा. आणि मी जाऊन सांगू, की चुकलं? ...तुम्ही फक्त एकदा हात लावून बघा. काही तरी उपाय असेल. बेअरिंग बदलतो. नटाला गोंद लावतो. पातळ स्पेसर टाकतो."

"चूक तीच. जरा पातळ."

"मग करू तरी काय मी?"

वस्तादांनी जीपकडं बघितलं. मग स्वतःच्या गुडघ्याकडं बघितलं. आयुष्यभर गाड्यांखाली सरपटून तो गुडघा पार कामातून गेला होता.

"मला उठव," ते म्हणाले.

अभिनंदनने हात पुढं केला. पण होता तिथूनच, हातभर लांबून. वस्तादांचा सदरा ग्रीसनं काळा झालेला आणि याचा शर्ट पांढराफेक. माणूस मुद्दाम करत नाही असलं, पाय आपोआप तिथंच थांबतात.

वस्तादांनी तो हात मनगटापाशी धरला आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला.

अभिनंदनचा खांदा कचकन ओढला गेला. तो पुढं कलंडला, कसाबसा सावरला. वस्ताद अर्धवट उठून पुन्हा टायरवर बसले.

"काय झालं? पैलवान ना तू?"

"खांदा निघाला असता, वस्ताद!"

"एवढा जड हाय का मी?"

"नाही हो, तुम्ही कसले जड! मीच लांबून..."

तो बोलता बोलता थांबला.

वस्तादांनी दोन्ही हात वर केले, लहान पोर उचलून घ्यायला करतं तसे. "ये. आता नीट उठव."

अभिनंदन जवळ आला. वाकला. वस्तादांच्या काखेत हात घालून त्यानं त्यांना छातीशी धरलं. म्हातारं शरीर अलगद वर आलं. केवढंसं वजन ते! ग्रीस, घाम आणि तपकिरीचा वास त्याच्या नाकात शिरला. शर्टावर काळा पट्टा उमटला, पण तो पुसायला त्याचा हात गेला नाही. वस्ताद इतके वाळलेत, हे त्याला माहीतही नव्हतं.

तसाच त्यांना धरून तो जीपकडं बघत राहिला. मडगार्डच्या बाहेर आलेली चाकं आणि त्यांच्या मागं, कुणाला न दिसणारं, ते बेअरिंग.

"त्याचाही खांदा असाच ओढला जात असेल," तो पुटपुटला. "गाडीचं वजन तर वाढलंच नाही. मीच चाक लांब नेलं."

वस्ताद त्याच्या खांद्याला धरून नुसते उभे राहिले.

एका हातानं वस्तादांना सावरत अभिनंदनने दुसऱ्या हातानं फोन लावला.

"दाजी... चाकं काढतोय मी. जुनी बसवून देतो. बेअरिंगही बदलतो, संध्याकाळच्या आत."

पलीकडून दाजींचा आवाज एवढा मोठा आला की वस्तादांनाही ऐकू गेला. उद्या रत्नागिरीत साडूच्या दारात ती जुनी चाकं घेऊन जायचं काय? सगळ्यांना फोटो पाठवून झालेत!

"माझं चुकलं, दाजी."

"अरे, आता कळतंय व्हय तुला?"

"आत्ताच कळलं. ताईला त्या चाकांवर घाट उतरू देणार नाही मी. तुम्ही काहीही म्हणा."

दाजी बरंच काही म्हणाले. लग्नात एका शब्दात आवरलं होतं, आज त्यांना शब्द पुरेनात. अभिनंदनने सगळं ऐकून घेतलं. मग तिकडून फोन कट झाला.

त्यानं वस्तादांना फाटकाशी नेऊन उभं केलं. त्याला खूप थकल्यासारखं झालं होतं. जॅक कुठं ठेवलाय, हेही त्यानं विचारलं नाही. भिंतीला टेकून ठेवलेला जॅक त्यानं उचलला, बाह्या दुमडल्या आणि जीपजवळ जाऊन खाली बसला.

पहिलं चाक निघालं. स्पेसर निघाला. वस्ताद फाटकाला धरून बघत होते.

"दाजी आता वर्ष-वर्ष बोलायचे नाहीत," मान वर न करता अभिनंदन म्हणाला. "कायमचं अंतर पडलं आमच्यात, वस्ताद."

वस्तादांनी त्याच्याकडं बघितलं.

"माणसाला सोसतंय रं अंतर," ते म्हणाले. "लोखंडाला न्हाई सोसत."