धनेशाच्या राहिलेल्या खेपा

ही गोष्ट कुणाला सांगू नकोस, असं मला बजावलेलं आहे. तरी सांगते.

एका राज्यात शिकार होतच नव्हती. निदान राजा सोमकीर्तीची तशी समजूत होती. त्याने प्रत्येक वेशीवर दगड रोवून त्यावर कोरून घेतलं होतं, की या रानात पाखराच्या पिसालाही धक्का लागत नाही. रोज सकाळी तो गच्चीवरून रानाकडे बघे. रान हिरवंगार दिसे. राजाला बरं वाटे.

त्याच राज्यात आवंती नावाची मुलगी खुर्च्यांच्या बैठका वेताने विणत असे. एका वसंतात तिच्याकडे दुरुस्तीला एकही खुर्ची आली नाही. काम मागायला ती घरोघर गेली, तेव्हा तिला दिसलं की बैठका कोऱ्या करकरीत आहेत आणि माणसं उभी आहेत. लग्नात लोक ताटं हातात घेऊन फिरत जेवत आणि हीच नवी रीत म्हणून सांगत. गुरुजी म्हणत, उभ्याने विद्या लवकर येते. कारकून म्हणत, राजासमोर बसणं बरं दिसत नाही. आणि राजा स्वतः सिंहासनाभोवती फेऱ्या घालत राज्य करी. बसता न येणारे आपण एकटेच, असं ज्याला त्याला वाटे, आणि जो तो ते झाकत असे.

आवंतीला झाकता येईना. तिची धाकटी बहीण ठकू सहा वर्षांची. ती टेकायला गेली की खालून कुणी उचलल्यासारखी उठे आणि चालू लागे. तिला लुगड्याने खांबाला बांधून झोपवावं लागे. तिची पावलं सुजून टम्म झाली. वैद्य दारातच येरझारा घालत म्हणाला, नऊ दिवस निघतील, पुढचं मी बोलत नाही.

त्याने सांगितलेली मुळी आणायला आवंती रानात गेली. एका जुन्या बेहड्याच्या खोडात ढोली होती, तिचं तोंड मातीने लिंपलेलं होतं आणि त्यात बोटभर फट होती. फटीतून आवाज आला.

“कोण जातं?”

“मी आवंती, वेत विणणारी. आपण कोण?”

“मी धनेश पाखराची बायको. अंडी घालायला आत शिरले, दार लिंपून घेतलं, पिसं गाळली. आता मला उडता येत नाही. माझा नवरा उंबरं आणून या फटीतून भरवी. दिवसाला वीस खेपा करी, क्षणभर बसत नसे. चार दिवस झाले, गेला तो आला नाही.”

“त्याचं काय झालं?”

“तुझ्या बहिणीच्या गळ्यात आहे तो.”

आवंतीला ठकूच्या गळ्यातला ताईत आठवला. ठकूला ताप आला तेव्हा धनेशाच्या चोचीवरचा पिवळा टोप आवंतीनेच जत्रेतून आणून काळ्या दोऱ्यात ओवला होता. विकणारा म्हणाला होता, पाखरू आपोआप मेलेलं. तिने ते खरं मानलं, कारण तेच सोपं होतं.

पक्षीण म्हणाली, “ज्याच्याकडे टोप, त्याच्या पायांत त्या मेलेल्या धनेशाच्या राहिलेल्या खेपा. तोडून फेकलास तरी सुटका नाही. कामं तीन आहेत. असे टोपवाले किती आहेत ते मोज. प्रत्येकाला त्याच्या टोपाच्या झाडाशी ने. आणि पिल्लं ढोलीतून बाहेर येईपर्यंत खेपा पुऱ्या करा. पंखांत बळ यायला नऊ दिवस आहेत. पोटात घास नसेल, तर तेही नाहीत.”

आवंती तडक दरबारात गेली. राजा ऐकून हसला. असतील दोन-चार चोर, म्हणाला. अमात्य म्हणाला, “मुली, तू वेत विण. राज्य विणायला आम्ही आहोत.” तरी दवंडी पिटली, टोप असेल त्याने आणून द्यावा. दोन दिवस कुणी आलं नाही.

तेव्हा आवंती म्हणाली, “महाराज, काही मागू नका. सगळ्यांना मैदानात बोलवा आणि खाली बसायला सांगा.”

नगारा झाला. राजा म्हणाला, “बसा.”

वाऱ्याने गवत लवावं तशी माणसं बसली, आणि उरलेली उभी राहिली. निम्मं मैदान उभं होतं. वैद्य होता, गुरुजी होते, सेनापती होता. वेशीवरचे दगड कोरणारा पाथरवट होता. अमात्य गुडघे वाकवी आणि पुन्हा वर येई. एक म्हातारी खालून सुनेकडे बघत म्हणाली, “तू पण, बाई?” मग बसलेले सगळे राजाकडे बघू लागले. सिंहासनाच्या मुठीतला पिवळा खडा अमात्याने तृणमणी नावाचं रत्न म्हणून भेट दिलेला होता; तो टोपच होता.

राजा म्हणाला, “मलाही मोजा.”

तेराशे एक भरले. आवंतीने ढोलीशी जाऊन आकडा सांगितला, तेव्हा पक्षीण म्हणाली, “तेराशे एक टोप झाले. प्रत्येक ढोलीत एक आई आहे आणि दोन पिल्लं. ती कोण मोजणार?”

टोप हातात धरला की तो आपल्या झाडाकडे ओढ घेई. त्या ओढीने तेराशे माणसं आणि एक राजा रानात शिरले. गच्चीवरून हिरवं दिसणारं रान राजाने पहिल्यांदा आतून पाहिलं. सगळी झाडं म्हातारी होती. पायाखाली एकही कोवळं रोप नव्हतं, कारण फळं खाऊन बिया दूर नेऊन टाकणारे उरले नव्हते.

सगळे उंबरं वाहू लागले. ठकूही ओटीत चार-चार घेऊन चाले. फटीतून चोच बाहेर येताना पाहून तिने विचारलं, “यांचे बाबा माझ्यामुळे गेले?”

“नाही,” आवंती म्हणाली. “माझ्यामुळे.”

नवव्या दिवशी बेहड्याच्या खोडावरची माती तडकली. आधी आई बाहेर आली, मग दोन पिल्लं, आणि पंखांचा घोंघाट करत ती उडाली. ठकूचे गुडघे आपोआप मिटले. ती मुळावर बसली आणि बसल्याबसल्या झोपली. तिकडे राजा मातीत बसला होता. त्याने पहिला हुकूम काढला तो वेशीवरची अक्षरं पुसायचा. दुसरा, दर वसंतात प्रत्येक घराने एक झाड राखायचं.

पण दवंडीत दोन दिवस गेले होते. अडीचशे झाडांच्या फटींत उंबरं तशीच राहिली, आतून चोच आली नाही. त्या झाडांची माणसं अजून बसलेली नाहीत. ती चौकटीला टेकून झोपतात, आणि त्यांच्या घरी कुणी हा विषय काढत नाही. त्यांची नावं मला माहीत आहेत. पहिलं नाव आमच्याच घरातलं, आतून हाक मारतंय त्याचं… हो, आले, ऐकू आलं, आले. पहिलं नाव…